घडीची सायकल घेताना घडी सगळ्यात शेवटी बघा

फोल्डिंग सायकलच्या जाहिरातीत नेहमी तेच दाखवतात. कडक इस्त्रीतला माणूस ऑफिसच्या दारात थांबतो, दोन-तीन खटके दाबतो आणि बघता बघता सायकलचं गाठोडं होतं. बघायला छानच वाटतं. पण कामाच्या दौऱ्यावरही ज्याला सायकलिंगचा सराव मोडू द्यायचा नाही, त्याला त्या वीस सेकंदांचा काय उपयोग? त्याला पहाटे उठून तास-दीड तास त्याच सायकलवर घाम गाळायचा असतो. म्हणून खरेदीचा क्रम असा लावावा: आधी बसण्याची मापं, मग गिअर, मग बॅगेसकट वजन. घडी किती लहान आणि किती झटपट होते, ते त्यानंतर.

गोव्यात हा प्रश्न आता बऱ्याच जणांना पडतो. २०१९ मध्ये मिरामारला आयर्नमॅन ७०.३ शर्यत सुरू झाली. १.९ किमी पोहणं, त्यावर ९० किमी सायकल आणि शेवटी २१.१ किमी धावणं. पणजी, फोंडा, मडगावात पहाटे रोड बाइक काढणारे नोकरदार आता सर्रास दिसतात. त्यातले कित्येक वेर्णा-कुंडईच्या कारखान्यांतले, म्हणजे अधूनमधून पुणे, हैदराबाद, मुंबई ठरलेलंच. आणि तिकडून इथे ऑडिटला, मीटिंगला येणाऱ्यांचीही तीच अडचण: आठवड्यातले चार दिवस परमुलखात, सायकल घरी भिंतीला टेकलेली.

आधी एक सांगून टाकतो. एका रात्रीच्या दौऱ्यासाठी सायकल नेऊच नये. दोन दिवस पेडल न मारल्यानं कमावलेला दम कुठे जात नाही. पळायचे बूट न्या. हॉटेलच्या जिममध्ये बरी स्पिन बाइक असेल तर आणखी सोपं. बहुतेक स्पिन बाइकना साध्या सायकलचेच पेडल बसतात, तेव्हा विचारून आपले पेडल लावता येतात, फक्त पाना सोबत हवा. सायकल न्यायचा विचार तीन-चार मुक्कामांच्या पुढे सुरू होतो.

मापं आधी

घरच्या सायकलची तीन मापं टेपनं घेऊन फोनमध्ये लिहून ठेवा. पेडल ज्या आसाभोवती फिरतात त्याच्या मध्यापासून सीटच्या माथ्यापर्यंतची उंची. सीटच्या टोकापासून हँडलच्या मध्यापर्यंतचं अंतर. आणि सीटपेक्षा हँडल किती खाली किंवा वर आहे ते. नवी सायकल या तीन आकड्यांच्या जितकी जवळ जाईल, तितका सराव खरा. गुडघा आणि कंबर रोज एका कोनात काम करत असतात. दौऱ्यावर तो कोन बदलला, तर चौथ्या दिवशी घरी येताना गुडघ्याची कुरकुर सोबत येते.

फोल्डिंग सायकली बहुधा एकाच मापाच्या येतात. 'सगळ्यांना बसते' हे दुकानदाराचं वाक्य सीटच्या उंचीपुरतं खरं असतं, कारण सीटचा दांडा लांबलचक असतो. अडतं ते दुसऱ्या मापात. हँडल जवळ येतं, माणूस ताठ बसतो. पावणेसहा फुटांच्या पुढच्या माणसाला ते लगेच जाणवतं. काही मॉडेलांत हँडलचा खांब वर-खाली होतो, पण पुढे-मागे होत नाही. ज्यात पुढे सरकवायची सोय आहे तीच सरावाला बरी. सीट घडीच्या वेळी खाली जाते आणि उघडताना दर वेळी अंदाजानं वर येते, तेव्हा दांड्यावर रंगीत टेपची एक पट्टी चिकटवून टाकावी. दांडा कोरडा आणि स्वच्छ ठेवावा. त्यावर ग्रीसचं बोट लागलं की चालवता चालवता सीट मिलिमीटर-मिलिमीटरनं खाली सरकते आणि आपल्याला वाटतं आज पाय जड आहेत.

पेडल घरचेच हवेत. क्लीटचे, म्हणजे तळव्यातल्या पट्टीनं पेडलला अडकणारे बूट वापरत असाल तर एसपीडी पद्धतीचे, म्हणजे तळव्यात बुडालेल्या क्लीटचे बूट घ्या. त्यांनी हॉटेलच्या लादीवरून न घसरता चालता येतं. पायाचा जोर वॉटमध्ये मोजणारा पॉवर मीटर घ्यायचा असेल तर पेडलमधला. क्रँकमधला, म्हणजे पेडलच्या दांड्यातला मीटर एका सायकलवरून दुसरीवर न्यायचा म्हणजे सगळं उघडा, हत्यारं काढा. पेडल दोन मिनिटांत बदलतात.

गिअरचं गणित

लहान चाकाची सायकल हळू असते, हा समज अर्धाच खरा आहे. ब्रिटिश इंजिनिअर अलेक्स मोल्टन यांनी १९६२ मध्ये लहान चाकांची, सस्पेन्शनवाली आणि कडक हवेच्या टायरांची सायकल बाजारात आणली आणि ती चांगली वेगानं पळायची. वेग मारला जातो तो ताठ बसण्यानं, स्वस्त जाड टायरांनी आणि चुकीच्या गिअरनी. पैकी गिअरचा हिशेब दुकानात उभ्या उभ्या करता येतो.

पेडलचा एक पूर्ण फेरा मारल्यावर सायकल किती पुढे जाते, एवढंच काढायचं. चाकाचा घेर गुणिले पुढच्या चक्राचे दात, भागिले मागच्या चक्राचे दात. नेहमीच्या रोड बाइकच्या चाकाचा घेर साधारण २.१ मीटर. पुढे ५०, मागे ११ दात असतील तर एका फेऱ्यात साडेनऊ मीटर. २० इंची फोल्डिंगच्या चाकाचा घेर साधारण दीड मीटर. तिला पुढे ५२ आणि मागे ११ असेल तर ७.१ मीटर. मिनिटाला ९० फेरे मारले तर हे ताशी ३८ किमी होतात. सपाटीवर एकट्यानं सराव करणाऱ्याला हे भरपूर झालं.

आता दुसरी, स्वस्तातली सहा गिअरची सायकल घ्या. पुढे ४८, मागचं सगळ्यात लहान चक्र १४ दातांचं. एका फेऱ्यात ५.१ मीटर, ९० फेऱ्यांना ताशी २८ किमी. त्याच्या पुढे पाय नुसते भिरभिरतात, जोर लागतच नाही. रायबंदरच्या बांधावर वारा पाठीशी असला की ही सायकल तिथेच संपते. म्हणून गिअर किती आहेत हे विचारू नका, मागच्या सगळ्यात लहान आणि सगळ्यात मोठ्या चक्राचे दात मोजा. लहान चक्र ११ किंवा १२, मोठं ३० च्या आसपास, आणि पुढे ५२-५३ असं असेल तर सपाटी आणि चढ दोन्ही निभावतात. पुढे ५२, मागे ३२ म्हणजे एका फेऱ्यात सुमारे २.४ मीटर, पणजीत आल्तिनोची छोटी पण खडी चढण बसल्या जागेवरून चढता येईल इतपत हलका गिअर.

उभं राहून जोर मारायची सवय मात्र घरी ठेवून या. बहुतेक फोल्डिंगचा हँडलचा खांब उंच आणि बिजागरीचा असतो, ओढला की वाकतो. चढ बसूनच, फेरे वाढवून चढायचा. खांबाला ट्रायथलॉनचे एरोबार, म्हणजे वाकून कोपरं टेकवायचे दांडे लावणारे हौशी लोक आहेत. मी लावू देणार नाही. तो खांब तेवढ्या भारासाठी बनवलेला नसतो.

चाक किती इंची, हा अपुरा प्रश्न

टायरच्या बाजूला बारीक उठावदार अक्षरांत दोन आकडे असतात, उदाहरणार्थ ४०-४०६. पहिला टायरची रुंदी, दुसरा रिमवर टायर जिथे बसतो तिथला व्यास, दोन्ही मिलिमीटरमध्ये. '२० इंची' नावाखाली ४०६ आणि ४५१ अशी दोन वेगळी चाकं विकली जातात आणि एकाचं टायर दुसऱ्याला बसत नाही. १६ इंचीतही ३०५ आणि ३४९ असा घोळ आहेच, ब्रॉम्प्टन या नावाजलेल्या फोल्डिंगचं ३४९. दौऱ्याच्या माणसानं डोळे झाकून ४०६ घ्यावं. बीएमएक्सचं आणि बहुतेक मुलांच्या २० इंची सायकलींचं हेच माप, त्यामुळे म्हापशात काय किंवा नागपुरात काय, गल्लीतल्या दुकानात ट्यूब मिळायची शक्यता सगळ्यात जास्त. ४५१ दिसायला चपळ आणि थोडी वेगवानही असते, पण पंक्चरच्या दिवशी तिचे लाड कोण पुरवणार! ट्यूबचा व्हॉल्व्ह मोटारीच्या टायरला असतो तसला जाड असेल तर पेट्रोल पंपावरही हवा भरता येते.

लहान चाकाची खरी अडचण खड्ड्यात कळते. खड्डा तेवढाच असतो, पण लहान चाक त्यात जास्त खोल उतरतं आणि बाहेर पडताना त्याला जास्त उभी कड चढावी लागते. हादरा थेट मनगटात. गोव्यात वर्षाला साधारण ३००० मिलिमीटर पाऊस, त्यातला जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबर. चवथीच्या आसपास अंतर्गत रस्त्यांची काय अवस्था असते ते इथल्या माणसाला सांगायला नको. यावर उपाय म्हणजे ४० मिमीच्या आसपास रुंदीचं चांगलं टायर आणि हवा थोडी कमी. दगडासारखी हवा भरून लहान चाक वेगवान होत नाही, नुसतं उडतं.

दुसरी गोष्ट घाटातल्या उताराची. रिमला घासणारे ब्रेक असतील तर लहान रिममध्ये धातू कमी, त्यामुळे तेवढ्याच ब्रेकनं ती लवकर तापते. चोर्ला घाट साधारण ८०० मीटरपर्यंत चढतो. तिथून १६ इंची सायकलवर एका दमात उतरणं हा शहाणपणा नव्हे. डिस्क ब्रेक असतील तर ठीक, नाहीतर थांबत थांबत. स्टिअरिंगही चंचल असतं. एक हात सोडून इशारा करताना पहिल्या दिवशी दचकायला होतं, दुसऱ्या दिवशी सवय होते.

पंधरा किलोंची अडचण

देशांतर्गत विमानात साध्या तिकिटावर बहुधा १५ किलो चेक-इन आणि ७ किलो केबिन एवढंच चालतं. आता बेरीज करा. सायकल ११ किलो, कडक कवचाची सुटकेस ५ किलो. झाले १६, आणि अजून एक शर्टसुद्धा घातलेला नाही. मापाची मर्यादा लांबी, रुंदी, उंची मिळून १५८ सेंमी, म्हणजे ६२ इंच. ब्रॉम्प्टनची घडी साधारण ६५, ५९ आणि २७ सेंमी; बेरीज १५१, तेव्हा पातळ बॅगेत ती बसते. २० इंची, मधोमध दुमडणारी सायकल बहुधा या मर्यादेबाहेर जाते आणि सीट, हँडल, कधी चाकही काढावं लागतं. जादा वजन लागणारच असेल तर ते तिकिटाबरोबर आधीच ऑनलाइन घ्यावं, काउंटरवर ते महाग पडतं.

माझं मत मऊ, गुंडाळता येणाऱ्या बॅगेकडे झुकतं. आत फोमच्या पट्ट्या, बिजागरीभोवती जुना टॉवेल, दात असलेल्या चक्रावर पुठ्ठा. कडक सुटकेस सायकल जास्त जपते हे मान्य. पण मोपा विमानतळावर उतरून थेट पणजीत पाटोच्या मीटिंगला जाणाऱ्या माणसानं ती रिकामी सुटकेस ठेवायची कुठे? मऊ बॅग घडी करून कपड्यांत जाते. मोपा ते पणजी साधारण ३५ किमी, तेही बहुतांश हायवेनं; ते अंतर सामानासकट सायकलवर कापायच्या फंदात पडू नका, कदंबची बस किंवा टॅक्सी बरी.

सायकलचं सगळ्यात नाजूक हाड म्हणजे मागच्या गिअरची यंत्रणा जिथे टांगलेली असते तो छोटा हँगर. बॅग आपटली की आधी तो वाकतो. लहान चाकात तो जमिनीला जवळ, म्हणून चिखलही आधी तिथेच. यंत्रणा सोडवून आतल्या बाजूला बांधून टाकावी. हायड्रॉलिक डिस्क ब्रेक असतील आणि चाक काढणार असाल, तर दोन पॅडच्या मध्ये प्लास्टिकचा किंवा पुठ्ठ्याचा तुकडा अडकवा. चुकून लिव्हर दाबला गेला तर पॅड चिकटून बसतात. हत्यारं चेक-इनमध्ये, पॉवर बँक केबिनमध्ये. हवेची गॅसची नळकांडी घरी ठेवा, छोटा पंप न्या. बॅटरीवर चालणारी फोल्डिंग विमानातून नेण्याचा विषयच नको: १६० वॉट-अवरच्या वरची लिथियम बॅटरी प्रवासी विमानात चालत नाही आणि ई-सायकलची बॅटरी बहुधा त्याहून मोठीच असते.

रेल्वेत नियम डब्यानुसार बदलतो. एसी थ्री टिअर आणि एसी चेअर कारमध्ये ट्रंकेला ५५ × ४५ × २२.५ सेंमीची मर्यादा, इतरत्र १०० × ६० × २५. म्हणजे मडगाव-मुंबई वंदे भारतसारख्या चेअर कार गाडीत नियमावर बोट ठेवलं तर ब्रॉम्प्टनसुद्धा बसत नाही. स्लीपरमध्ये खालचा बर्थ घ्या, आत सरकवा आणि वर कापडी आवरण घाला; उघड्या चेनचा काळा डाग शेजाऱ्याच्या पायजम्याला लागला की सायकल लहान आहे की मोठी याला अर्थ राहत नाही. रात्रीच्या बसच्या डिकीत ठेवताना चेनची बाजू वर. खाली ठेवलीत तर पहाटे हँगर वाकडा मिळेल.

घडी नको, मोडती सायकल

९० किमीच्या शर्यतीला दोन महिने उरलेत आणि त्यातले तीन आठवडे बाहेर, अशा माणसाला फोल्डिंग पुरणार नाही. त्याला घरच्यासारखीच मोठ्या चाकाची, पण दोन तुकडे होणारी सायकल लागते. फ्रेमला स्क्रूची जोडणी असते, एस अँड एस कपलिंग हे त्यातलं जुनं आणि खात्रीचं नाव. रिची कंपनीची ब्रेक-अवे हा दुसरा प्रकार. २६ × २६ × १० इंची सुटकेस, बेरीज बरोबर ६२ इंच. हवा सोडली की पूर्ण आकाराचं चाक तिरकं-मिरकं करून त्यात बसतं. ओरेगनची बाइक फ्रायडे मधला मार्ग काढते: २० इंची चाकं, फ्रेम माणसाच्या मापानं बनवलेली आणि सुटकेसमध्ये मावणारी.

या सायकलींवर सराव घरच्यासारखाच होतो. किंमत मात्र सपाटून लागते आणि बांधायला-जोडायला अर्धा ते एक तास जातो. मुक्काम पाच दिवसांचा असेल तर तो तास वसूल होतो. दोन दिवसांसाठी नाही.

इथे चालवायचं तर

सराव किलोमीटरवर मोजू नका. फोल्डिंगवर ताठ बसल्यानं वारा जास्त अडवतो, वेग कमी दिसतो, आणि माणूस उगाच हिरमुसतो. मिनिटं आणि जोर मोजा: वॉट नसतील तर हृदयाचे ठोके. चाकाचा सेन्सर वापरत असाल तर घड्याळात चाकाचा घेर बदलायला विसरू नका. ४०-४०६ च्या टायरला साधारण १४९० मिमी. नाहीतर ताशी चाळीसच्या गप्पा सुरू होतात!

पणजीत उतरणाऱ्यासाठी रायबंदरचा बांध, म्हणजे पोर्तुगीजांनी १६३३-३४ मध्ये बांधलेला पोंत द लिन्यारीश, जवळजवळ आयता बांधून दिलेला ट्रॅक आहे. सुमारे ३ किमी, सपाट. ताशी २७ नं एका टोकाहून दुसऱ्या टोकाला जायला सहा-सात मिनिटं लागतात. पंधरा मिनिटं हलकं चालवून चार फेऱ्या जोर लावून, प्रत्येकीनंतर तीन मिनिटं दम घ्यायला. तासाच्या आत आटपतं, ऑफिसच्या गाड्या सुरू व्हायच्या आत. खाडीवरचा वारा जाताना एका बाजूनं लागला तर येताना दुसऱ्या बाजूनं, तेव्हा दोन फेऱ्यांच्या वेळा वेगळ्या आल्या म्हणून खचून जाऊ नका. त्या वेळी रस्त्यावर पोदेर असतो, पाठीमागे पावांची टोपली आणि हातात भोंगा, आणि त्याच्या एका गिअरच्या सायकलवर तो आपल्यापेक्षा निवांत असतो.

थोडा चढ हवा असेल तर फेरीबोटीनं दिवाडीला जा. तिथे पूल नाही, फेरीबोटच. खालची शेतं सपाट, वर पिएदादच्या चर्चकडे जाणारा छोटा चढ. तो पाच-सहा वेळा केला की मांड्या बोलायला लागतात. फेरीबोटीच्या लोखंडी रॅम्पवर ओल असते आणि लहान चाक तिथे फार लवकर घसरतं, उतरून ढकलत न्या. मांडवी ओलांडताना लक्षात ठेवा, अटल सेतूवर दुचाकींना बंदी आहे.

खाऱ्या हवेचं इथल्या लोकांना नवल नाही, पण बाहेरून सायकल आणणाऱ्यांना असतं. तीन दिवसांत चेनवर तांबूस पावडर दिसायला लागते. रोज रात्री जुन्या बनियनच्या तुकड्यानं चेन पुसून तेलाचे दोन-चार थेंब, एवढं पुरे. जांभ्याचा लाल चिखल मात्र खोलीत शिरायच्या आधी पुसा. रिसेप्शनवरच्या माणसाचा फोल्डिंगला आक्षेप नसतो, चादरीवरच्या लाल पट्ट्यांना असतो.

जुनी फोल्डिंग घेणाऱ्यांसाठी पाहणी अशी करायची. सायकल उघडून उभी करा, पुढचा ब्रेक घट्ट दाबा आणि सायकल पुढे-मागे ढकला, दुसरा हात बिजागरीवर ठेवून. हाताला टकटक लागली तर आत खेळ आहे. मग बिजागरीच्या दोन्ही बाजूंच्या वेल्डिंगवर टॉर्च मारा. ॲल्युमिनियमच्या फ्रेमला चीर पडते ती तिथेच, केसासारखी, आणि रंगाखाली लपून असते. रंगावर सरळ रेषेत तडा दिसला तर व्यवहार सोडून द्या. खटका बंद होताना शेवटी थोडा जोर लागायला हवा. नुसता फटकन बसत असेल तर तो सैल झालेला आहे, आणि तो घट्ट करायचा स्क्रू आहे की नाही हे विचारा. नवी असो की जुनी, हँगर आणि खटक्याचे सुटे भाग भारतात मिळतात का, याची चौकशी पैसे द्यायच्या आधी करा. दुकानदार 'मागवून देतो' म्हणाला तर दोन हँगर त्याच बिलात मागवून घ्या.